जेम्स स्मिथसन यांचे मृत्युपत्र : शेवटच्या हक्कदाराला मिळालेले दान आणि त्याची राखण

२३ ऑक्टोबर १८२६ रोजी लंडनच्या कॅव्हेंडिश स्क्वेअर भागात, बेंटिंक स्ट्रीटवर मुक्कामाला असलेल्या जेम्स स्मिथसन या इंग्रज शास्त्रज्ञाने आपले मृत्युपत्र केले. वय साठीच्या पुढचे, लग्न झालेले नाही, मूलबाळ नाही, प्रकृती तोळामासा आणि मालमत्ता मात्र भक्कम, अशी त्यांची त्या वेळची स्थिती होती. या मृत्युपत्राच्या शेवटाकडे आलेल्या एका वाक्यामुळे पुढे वॉशिंग्टन येथे स्मिथसोनियन इन्स्टिट्यूशन उभी राहिली, हे पुष्कळांना माहीत असते. ते वाक्य आणि ती संस्था यांच्यामध्ये जी वर्षे गेली, त्यांत हा पैसा कोणाकोणाच्या हातांतून गेला, कुठे अडला आणि कुठे जवळजवळ बुडाला, याचा विचार मात्र क्वचित होतो. मृत्युपत्राने सार्वजनिक कामाला काही ठेवू पाहणाऱ्याला या प्रकरणातून शिकण्यासारखे जे आहे ते सगळे त्या मधल्या वर्षांत आहे. खाजगी वारसाचा पैसा अडला तर तो स्वतः वकील गाठतो आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. ज्ञान, आरोग्य किंवा अनाथांचे संगोपन यांसाठी ठेवलेल्या पैशाला असा जन्मजात धनी नसतो, आणि म्हणून त्याच्या वतीने कोण भांडणार, हा प्रश्न दानाच्या रकमेपेक्षाही मोठा ठरतो.

मृत्युपत्रातील योजना

स्मिथसन हे नॉर्थम्बरलंडचे पहिले ड्यूक ह्यू यांचे अनौरस पुत्र होते. त्यांचा जन्म १७६५ च्या सुमारास पॅरिसमध्ये झाला आणि बापाचे नाव त्यांनी लावले ते आईच्या मृत्यूनंतर, १८०१ मध्ये. बावीस-तेवीस वर्षांच्या वयात, १७८७ साली, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. रसायनशास्त्र आणि खनिजशास्त्र हे त्यांचे विषय होते, आणि जस्ताच्या एका खनिजाला पुढे त्यांच्या नावावरून स्मिथसोनाइट हे नाव मिळाले. मृत्युपत्राच्या पहिल्याच वाक्यात त्यांनी आपली ओळख ड्यूकचा मुलगा आणि स्टडलीच्या हंगरफोर्ड घराण्याच्या वारसदार एलिझाबेथ यांचा मुलगा अशी करून दिली आहे. कायद्याने जे कुळ त्यांना दिले नाही ते त्यांनी इथे स्वतःच्या हाताने नोंदवून ठेवले. दानामागच्या हेतूचा शोध घेणारे बहुतेक जण या वाक्यापाशी थांबतात, परंतु मृत्युपत्रात हेतू म्हणून एक शब्दही नाही. अमेरिकेला त्यांनी कधी पाऊलही लावले नव्हते, आणि तरीही दान तिकडे का, याचे कारण त्यांनी दिलेले नाही. कारण न देण्याने त्यांच्या इच्छेची कायदेशीर ताकद कमी झाली नाही. उद्देशाचे वर्णन अपुरे राहिल्याचा त्रास मात्र पुढे झाला, आणि या दोन गोष्टींत गल्लत करू नये.

मृत्युपत्राची रचना पाहण्यासारखी आहे. सगळी मालमत्ता चॅरिंग क्रॉस येथील ड्रमंड्स या पेढीच्या हवाली विश्वस्त म्हणून करावी आणि ती चान्सरी (इंग्लंडमध्ये विश्वस्तनिधी आणि वारशाचे दावे चालवणारे) न्यायालयाच्या देखरेखीखाली ठेवावी, असे त्यांनी आरंभीच सांगितले. जॉन फिटॉल या आपल्या जुन्या नोकराला त्यांनी तहहयात वर्षाला १०० पौंडांचे वर्षासन दिले. बाकी मालमत्तेचे उत्पन्न हेन्री जेम्स हंगरफोर्ड या पुतण्याला त्याच्या हयातीपर्यंत मिळायचे होते, आणि पुतण्याला मूल झाल्यास, ते औरस असो वा अनौरस, सगळी मालमत्ता त्या मुलाकडे जायची होती. स्वतः अनौरस म्हणून वाढलेल्या माणसाने ‘औरस असो वा अनौरस’ हे शब्द घालायला विसरू नये, हे स्वाभाविक म्हटले पाहिजे. या सगळ्यांच्या मागे, पुतण्या निपुत्रिक वारला, किंवा त्याची मुले सज्ञान होण्याआधी अथवा मृत्युपत्र न करता वारली तर, अशा दुहेरी ‘तर’च्या आड ते प्रसिद्ध वाक्य येते: सर्व मालमत्ता अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना, वॉशिंग्टन येथे स्मिथसोनियन इन्स्टिट्यूशन या नावाने, मनुष्यमात्रांत ज्ञानाची वृद्धी आणि प्रसार करणारी संस्था स्थापन करण्यासाठी.

त्याच्याही पुढे आणखी एक छोटा परिच्छेद आहे आणि तो सहसा कोणी उद्धृत करत नाही. फ्रान्सच्या पाच टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यांत पुतण्याच्या वडिलांच्या नावे आणि आपल्या नावे जी रक्कम असेल ती पुतण्याचीच आहे, त्याला बापाकडून आलेली आणि त्याच्या उत्पन्नातून आपण त्याच्यासाठी शिल्लक टाकलेली आहे, असे स्मिथसन यांनी तिथे स्पष्ट केले. दुसऱ्याचा पैसा आपल्या नावावर असला तर मृत्युपत्रात तो वेगळा काढून दाखवणे, ही काळजी आपल्याकडे एकत्र कुटुंबांतल्या, संयुक्त नावाच्या ठेवी असलेल्या किती मृत्युपत्रांत दिसते? दानाची रक्कम निर्विवाद राहायची असेल तर जे आपले नाही ते आधी बाजूला काढावे लागते.

आधी जवळचा माणूस, मग त्याची संतती आणि सर्वांत शेवटी सार्वजनिक काम, असा हा क्रम आहे. दानशूरपणाची कल्पना मनात धरून हे मृत्युपत्र वाचणाऱ्याचा थोडा हिरमोड होतो, कारण दान इथे जवळजवळ राहून गेलेल्या शक्यतेसारखे येते. माझ्या मते मध्यम ऐपतीच्या माणसाला हीच रचना सर्वांत उपयोगी आहे. घरच्यांना वाऱ्यावर सोडून संस्थेला सगळे दिले की कोर्टात जाणारे नातेवाईक आयतेच तयार होतात. ‘माझ्यामागे अमुक, आणि तोही निपुत्रिक गेला तर अमुक संस्था’ असे लिहिले तर संस्थेचा हक्क कोणाच्याही तोंडचा घास काढून घेत नाही.

दान घ्यावे की न घ्यावे

२७ जून १८२९ रोजी स्मिथसन जिनोव्हा येथे वारले. पुतण्या त्यानंतर सहा वर्षे जगला आणि तिशी गाठण्यापूर्वीच, ५ जून १८३५ रोजी, पिसा येथे अविवाहित आणि निपुत्रिक अवस्थेत वारला. दुहेरी ‘तर’ खरा ठरला. ड्रमंड्सच्या वकिलांनी लंडनमधील अमेरिकेच्या वकिलातीला कळवले, आणि तिथून पत्र वॉशिंग्टनला पोचले.

ज्याला दान दिले होते त्या सरकारला याची आधी सुतराम कल्पना नव्हती. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १७ डिसेंबर १८३५ रोजी काँग्रेसला संदेश पाठवला आणि हे दान स्वीकारण्यासाठी पावले उचलण्याचा अधिकार आपल्याला नाही, तो काँग्रेसने द्यावा, अशी भूमिका घेतली. सिनेटमध्ये दक्षिण कॅरोलायनाचे जॉन कॅल्हून आणि विल्यम प्रेस्टन यांनी विरोध केला. परक्या माणसाकडून देणगी घेणे राष्ट्राच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, शिवाय असे काम करण्याचा अधिकार संघराज्याला राज्यघटनेने दिलेलाच नाही, असा त्यांचा मुद्दा होता. प्रतिष्ठेचा मुद्दा वरवरचा होता आणि खरा वाद केंद्र व राज्ये यांच्या अधिकारांचा होता. पण दान घेणाऱ्याच्या घरात आपले आपले वाद असतात, आणि देणाऱ्याच्या मृत्यूनंतर आलेले दान त्यांत ओढले जाते, हे देणाऱ्याने गृहीतच धरायला हवे.

प्रतिनिधीगृहात हे प्रकरण माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या समितीकडे गेले, आणि पुढची दहा वर्षे या पैशाचा जो काही धनी म्हणता येईल तो हाच माणूस होता. १ जुलै १८३६ रोजी कायदा झाला. लंडनला एक प्रतिनिधी पाठवावा, त्याने जामीन द्यावा, आणि खर्चासाठी १०,००० डॉलर मंजूर करावेत, असे त्यात ठरले. ज्या सरकारच्या प्रतिष्ठेची एवढी चर्चा झाली त्याच सरकारला दुसऱ्या देशाच्या न्यायालयात वादी म्हणून उभे राहावे लागणार होते.

चान्सरीतील दावा

प्रतिनिधी म्हणून रिचर्ड रश यांची निवड झाली. ते पूर्वी लंडनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते आणि अर्थमंत्रीही राहिलेले होते, म्हणजे माणूस दोन्हीकडचा जाणकार होता. चान्सरी न्यायालयात त्या वेळी शेकडो दावे तुंबलेले होते आणि तिथले भिजत घोंगडे पिढ्यान्‌पिढ्या चालते, असा त्याचा लौकिक होता. रश यांनी १८३६ च्या अखेरीस अमेरिकेच्या अध्यक्षांच्या नावाने ड्रमंड पेढीविरुद्ध दावा दाखल केला. नावाने विरुद्ध असला तरी हा झगड्याचा दावा नव्हता. विश्वस्त पेढीला आपली मान सोडवून घेण्यासाठी न्यायालयाचा हुकूम हवा होता, एवढेच.

सिद्ध काय करायचे होते तर नकारार्थी गोष्ट: हंगरफोर्ड यांना बायको नव्हती, मूल नव्हते. नकार सिद्ध करणे नेहमीच अवघड असते, त्यात हा तरुण पॅरिसपासून इटलीपर्यंत भटकत राहिलेला होता. त्याची आई, मादाम द ला बातू, पुढे आली आणि तिने मालमत्तेत हक्क सांगितला. इथे रश यांनी दाखवलेला व्यवहारीपणा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हा हक्क शेवटपर्यंत खोडून काढण्याच्या मागे ते लागले नाहीत, कारण तसे केले असते तर आणखी काही वर्षे दावा लांबला असता. तिला तहहयात वर्षाला १५० पौंड ९ शिलिंग मिळावेत आणि त्यासाठी ५,०१५ पौंडांचे तीन टक्के व्याजाचे सरकारी रोखे इंग्लंडमध्ये बाजूला ठेवावेत, असे ठरले. तीन टक्क्यांनी हिशेब करून पाहिला तर ही रक्कम शिलिंगापर्यंत जुळते. तिच्या मृत्यूनंतर मुद्दल अमेरिकेकडेच यायचे होते. लाखभर पौंडांसाठी पाच हजार पौंड अडकवून ठेवणे हा तोट्याचा सौदा नव्हता.

९ मे १८३८ रोजी निकाल अमेरिकेच्या बाजूने लागला. चान्सरीच्या मानाने दोन वर्षांच्या आत लागलेला हा निकाल म्हणजे नवलच होते, आणि त्याचे श्रेय रश यांच्याइतकेच मृत्युपत्राच्या मांडणीलाही आहे. मालमत्ता पहिल्यापासून एका पेढीकडे विश्वस्त म्हणून होती आणि पुतण्याच्या हयातीतही न्यायालयाच्या नजरेखाली होती, म्हणून हिशेब नव्याने जुळवावा लागला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मालमत्ता प्रामुख्याने रोख्यांत होती. इंग्लंडमध्ये १७३६ च्या कायद्याने मृत्युपत्राद्वारे जमीन धर्मादायाला देण्यास बंदी होती. स्मिथसन यांनी जर जमीनजुमला मागे ठेवला असता तर तेवढा भाग या वाक्याने अमेरिकेला मिळालाच नसता.

आपल्याकडेही अशी आडकाठी होती आणि ती फार जुनी गोष्ट नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ११८ प्रमाणे ज्याला पुतण्या, भाचा, पुतणी, भाची किंवा त्याहून जवळचा नातेवाईक आहे त्याला धार्मिक वा धर्मादाय कामासाठी मृत्युपत्राने मालमत्ता द्यायची असेल, तर ते मृत्युपत्र मृत्यूच्या किमान बारा महिने आधी केलेले असावे लागे आणि करून सहा महिन्यांच्या आत कायद्याने नेमलेल्या सुरक्षित जागी जमा करावे लागे. हिंदूंना हे कलम लागू नव्हते, ख्रिस्ती समाजाला होते, आणि पारशी समाजाला १९९१ च्या दुरुस्तीने त्यातून वगळण्यात आले. केरळमधील एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवले. वसईपासून मुंबईपर्यंतच्या ख्रिस्ती कुटुंबांत ‘चर्चला किंवा अनाथाश्रमाला मृत्युपत्राने देता येत नाही’ असे जुनी माणसे सांगतात ते ऐकीव नव्हे, पण आता ते कालबाह्य आहे. स्मिथसन हे जर या कलमाखाली आले असते तर पुतण्या असल्यामुळे आणि मृत्युपत्र नेमलेल्या सरकारी जागी जमा नसल्यास त्यांचे दान रद्द ठरले असते.

रश यांनी रोखे विकले आणि हुंडीच्या दरात नुकसान नको म्हणून सगळी रक्कम सोन्याच्या नाण्यांत करून घेतली. नाणी १०५ पिशव्यांत भरली: १०४ पिशव्यांत प्रत्येकी १,००० सॉव्हरिन (एक पौंडाची सोन्याची नाणी) आणि शेवटच्या पिशवीत ९६०. वरचे ८ शिलिंग ७ पेन्स वेगळे कागदात गुंडाळले. या पिशव्या ११ पेट्यांत ठेवून, मेडिएटर नावाच्या जहाजावर स्वतः सोबत बसून, रश ऑगस्ट १८३८ अखेर न्यूयॉर्कला पोचले. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत सोने वितळवून अमेरिकन नाणी पाडली तेव्हा ५,०८,३१८ डॉलर आणि ४६ सेंट भरले. आठ शिलिंग सात पेन्सांचाही हिशेब देणारा कारभारी मिळाला, इथवर दान सुदैवी होते.

सोन्याचे रोखे झाले तेव्हा

सोने फिलाडेल्फियात पोचण्यापूर्वीच त्याचे काय करायचे ते ठरून गेले होते. १८३८ च्या जुलैमध्ये लष्करी अकादमीच्या खर्चाच्या विधेयकाला एक कलम जोडले गेले आणि ही रक्कम राज्यांच्या रोख्यांत गुंतवण्याची मुभा अर्थमंत्र्यांना मिळाली. लष्करी अकादमीचा आणि ज्ञानप्रसाराच्या दानाचा काय संबंध, असे विचारायला कोणी नव्हते. अर्थमंत्री लेव्हाय वुडबरी यांनी पाच लाखांहून अधिक डॉलर एकट्या आर्कान्सा या राज्याच्या सहा टक्के व्याजाच्या रोख्यांत घातले. आर्कान्सा दोन वर्षांपूर्वी राज्य झालेले होते, आणि १८३७ च्या आर्थिक घबराटीनंतर कर्जबाजारी राज्यांची संख्या वाढत चालली होती. थोड्याच वर्षांत आर्कान्साने व्याज देणे थांबवले.

सोने वितळवून मोजताना सेंटांपर्यंत हिशेब ठेवणाऱ्या सरकारने मुद्दलच अशा ठिकाणी का ठेवले, याचे उत्तर कोणाच्या बेइमानीत शोधण्याची गरज नाही. सहा टक्के हा दर चांगला होता, राज्य ही संस्था बुडणार नाही असा समज होता, आणि गुंतवणुकीचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांपैकी कोणाचेही वैयक्तिक नुकसान होणार नव्हते. पुतण्या जिवंत असता आणि त्याच्या नावावरचे मुद्दल असे अडकले असते तर तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला असता. मनुष्यमात्रांच्या ज्ञानाच्या वतीने दारात कोण उभे राहणार?

उभे राहिले ते ॲडम्स. मिळालेले धन हे सरकारचे उत्पन्न नसून सरकारकडे सोपवलेली ठेव आहे, राज्यांनी पैसे दिले वा न दिले तरी मूळ रक्कम आणि त्यावरचे व्याज भरून देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, हा मुद्दा त्यांनी अधिवेशनामागून अधिवेशने लावून धरला. भोंदू योजनाकार आणि विद्येचे ढोंग करणारे आळशी लोक या पैशावर पोसले जातील, ही धास्ती त्यांनी आपल्या रोजनिशीत तिखट भाषेत लिहून ठेवली आहे. १८४१ मध्ये राज्यांच्या रोख्यांत पुढील गुंतवणूक थांबवण्यात आली. अखेर १० ऑगस्ट १८४६ रोजी अध्यक्ष पोक यांची सही झालेल्या कायद्यात सरकारने ५,१५,१६९ डॉलरचे मुद्दल आपल्याकडे १ सप्टेंबर १८३८ पासून कर्जाऊ आहे असे मानले, त्यावर कायमचे सहा टक्के व्याज देण्याचे पत्करले आणि तोवरच्या व्याजाचे २,४२,१२९ डॉलर संस्थेच्या इमारतीसाठी मोकळे केले. आर्कान्साची बुडीत सरकारने स्वतःच्या अंगावर घेतली. दानातला एक पैसाही कमी झाला नाही. मात्र हे मृत्युपत्रातील कोणत्याही तरतुदीमुळे झालेले नाही. सभागृहात एक हट्टी म्हातारा बसलेला होता म्हणून झाले. ॲडम्स यानंतर दोन वर्षांनी, १८४८ मध्ये, वारले.

उद्देशाची संदिग्धता

पैसा आल्यापासून कायदा होईपर्यंत आठ वर्षे गेली ती काही केवळ आर्कान्सामुळे नाही. ज्ञानाची वृद्धी आणि प्रसार म्हणजे नेमके काय, यावर सभागृहाचे एकमत होईना. ॲडम्स यांना खगोलशास्त्रीय वेधशाळा हवी होती. मॅसॅच्युसेट्सचे रूफस चोएट यांना राष्ट्रीय ग्रंथालय हवे होते, इंडियानाचे रॉबर्ट डेल ओवेन यांना शिक्षक घडवणारी शाळा, आणखी कोणाला शेतीची प्रयोगशाळा, कोणाला विद्यापीठ. शेवटचा कायदा ही खिचडी झाली: इमारत हवी, तीत संग्रहालय, रासायनिक प्रयोगशाळा, ग्रंथालय, कलादालन आणि व्याख्यानांची दालने हवीत, आणि ग्रंथालयावर सरासरीने वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत खर्च करता यावा. मुद्दलाचे सहा टक्के व्याज होते सुमारे ३०,९१० डॉलर. म्हणजे कायदा शब्दशः पाळला असता तर ग्रंथालयानेच बहुतेक उत्पन्न खाल्ले असते.

तसे झाले नाही याचे कारण पहिले सचिव जोसेफ हेन्री. विद्युतचुंबकीय संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या या शास्त्रज्ञाने १८४६ च्या डिसेंबरमध्ये पद स्वीकारले आणि मृत्युपत्राचे वाक्य कायद्याच्या वर धरले. ‘वृद्धी’ आणि ‘प्रसार’ हे दोन शब्द वेगळे आहेत, वृद्धी म्हणजे नवे संशोधन आणि प्रसार म्हणजे त्याचे प्रकाशन, तेव्हा इमारत आणि ग्रंथसंग्रह यांना दुय्यम स्थान असावे, असा त्यांचा अर्थ होता. १८५४ मध्ये त्यांनी संस्थेच्या ग्रंथपालाला कामावरून काढले, आणि त्यावरून चोएट यांनी नियामक मंडळाचा राजीनामा दिला. हेन्री यांचा अर्थ बरोबर होता की चोएट यांचा, हे मृत्युपत्र वाचून ठरवता येत नाही. स्मिथसन यांनी दोन ओळी अधिक लिहिल्या असत्या तर हा वाद टळला असता हे खरे. पण त्या दोन ओळींत त्यांनी, समजा, केवळ खनिजशास्त्राचे नाव घातले असते तर आज ती संस्था किती मर्यादित राहिली असती, याचाही विचार करावा लागतो. माझा कल मोघम वाक्याकडे आहे, मात्र त्याचा अर्थ लावणारा माणूस किंवा मंडळ कोण, हे मृत्युपत्रानेच नेमून द्यायला हवे होते.

मोघमपणाला इंग्लंडमध्ये जे अभय मिळाले ते सर्वत्र मिळत नाही. ज्ञानाचा प्रसार हे इंग्रजी कायद्यात मान्यताप्राप्त धर्मादाय काम होते, म्हणून चान्सरीत त्यावर हरकत उभी राहिली नाही. मुंबईहून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे ब्रिटिश अमलातील भारताच्या शेवटच्या अपील न्यायालयाकडे, गेलेल्या १८९९ सालच्या एका अपिलात मात्र, ‘धरम’ या कामासाठी मालमत्ता ठेवणारे मृत्युपत्रातील कलम अनिश्चिततेमुळे रद्द ठरले, कारण त्या संज्ञेत इतके काही येते की न्यायालयाला त्यावर देखरेख ठेवता येणार नाही. अन्नछत्र, पाणपोई, देवळाचा दिवा आणि पाखरांना दाणे यांपैकी काय ते लिहिले असते तर दान टिकले असते, पण करणाऱ्याला सगळेच त्या एका शब्दात सांगितल्यासारखे वाटले असणार. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने, आजच्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम १० ने, हा घोटाळा सोडवला: धर्म, धर्मादा, पुण्यकार्य, पुण्यदान अशा उद्देशांसाठी निर्माण केलेला सार्वजनिक न्यास केवळ उद्देश अनिश्चित आहेत एवढ्याच कारणाने रद्द मानला जाणार नाही. कायद्याचे हे कवच असले तरी आपल्या मृत्युपत्रात ‘चांगल्या कामासाठी द्यावे’ असे लिहून ठेवणारा माणूस आपल्या मुलांना आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला काय काम लावून जातो, हे वरच्या आठ वर्षांवरून ओळखावे. संस्थेचे नोंदणीकृत नाव, नोंदणी क्रमांक, ती संस्था तोवर बंद पडलेली असल्यास दुसरी कोणती, आणि एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, म्हणून संस्थेशी संबंध नसलेला पण तिच्याकडे हिशेब मागू शकेल असा एक माणूस, एवढे चार तपशील मृत्युपत्रात अर्ध्या पानात मावतात. शिवाय संस्थेला हयातीतच एक पत्र पाठवून विचारावे. स्मिथसन यांनी ते केले असते तर कॅल्हून यांचे भाषण तरी त्यांच्या हयातीत झाले असते.

उरलेली रक्कम

२४ जानेवारी १८६५ रोजी संस्थेच्या लाल वालुकाश्माच्या इमारतीला आग लागली आणि स्मिथसन यांचे कागदपत्र व खनिजसंग्रह, जे रश यांनी सोन्याबरोबर आणले होते, त्यांतील बहुतेक जळून गेले. देणाऱ्याच्या मनात काय होते ते शोधण्याची वाट त्या दिवशी बंद झाली, आणि आता मृत्युपत्राचा मजकूर हाच काय तो पुरावा आहे.

त्याच सुमारास मादाम द ला बातू यांच्या वर्षासनासाठी इंग्लंडमध्ये अडकवून ठेवलेले मुद्दल, त्यांच्या मृत्यूनंतर, मोकळे होऊन अमेरिकेत आले. ते २६,२१० डॉलर झाले. ८ फेब्रुवारी १८६७ च्या कायद्याने ही रक्कम मूळ दानाच्याच अटींवर, म्हणजे सहा टक्के व्याजाने, सरकारी तिजोरीत जमा करून घेण्यात आली. शिवाय बचत, देणग्या किंवा इतर मार्गांनी एकूण ठेव १० लाख डॉलरपर्यंत वाढवण्याची मुभा संस्थेला मिळाली. मूळ ५,१५,१६९ डॉलरमध्ये ही भर पडून स्मिथसन यांच्या दानाची बेरीज ५,४१,३७९ डॉलर झाली, आणि मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी त्यांच्या मालमत्तेचा लंडनमधील हिशेब बंद झाला.